किळस वाटणारा पदार्थ पहिल्यांदा चाखताना: नवख्यांसाठी मार्गदर्शक

समोर काळपट हिरव्या बलकाचं अंडं आहे, किंवा तारा सुटलेले सोयाबीन, किंवा अमोनियाचा भपकारा मारणारा मासा. आणि वाढणारा माणूस ते तुम्हाला मोठ्या प्रेमाने वाढतोय. असा प्रसंग येणार हे ज्यांना माहीत आहे, किंवा जे निव्वळ कुतूहलापोटी असं काही चाखायला निघालेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा बऱ्याच ताटांसमोर मी बसलोय. काही पदार्थ आवडीचे झाले, काही कधीच होणार नाहीत.

पहिल्या अर्ध्या मिनिटात जे वाटतं, त्याचा चवीशी फारसा संबंध नसतो. जीभ कामाला लागायच्या आधीच नाक, डोळे आणि डोक्यातल्या समजुती निकाल देऊन मोकळ्या झालेल्या असतात. तेव्हा करायचं एवढंच: तो निकाल जरा वेळ थोपवून धरायचा आणि तेवढ्यात पदार्थ त्याच्या माणसांच्या रीतीने तोंडात घालायचा. मग नाही आवडला तर नाही.

हाताशी काय हवं

- साधं पाणी
- चव मोडायला काहीतरी बिनचवीचं: भात, पाव किंवा उकडलेला बटाटा
- दोन-तीन कागदी रुमाल
- लहान चमचा किंवा टूथपिक (मोठा चमचा मुद्दाम नको, कारण पुढे येईल)
- तुम्ही घेत असलेल्या औषधांची यादी
- ॲलर्जी किंवा आहाराचे नियम असतील तर ते त्या ठिकाणच्या भाषेत लिहिलेली चिठ्ठी
- पदार्थ पाकिटातला असेल तर ते पाकीट, फेकून न दिलेलं

फोन या यादीत नाही. का, ते सहाव्या पायरीत.

१. काय खायचं नाही, ते जेवायला बसण्यापूर्वी ठरवा

टेबलावर बसल्यावर ठरवायला गेलात की भिडेपोटी चुकीचा निर्णय होतो. म्हणून आपल्या मर्यादा आधीच स्वतःशी स्पष्ट करून ठेवा. त्या तीन प्रकारच्या असतात: तब्येतीच्या, श्रद्धेच्या किंवा तत्त्वाच्या, आणि ‘मला नकोच’ या प्रकारातल्या. तिन्ही सारख्याच वैध आहेत, पण पहिल्या प्रकारात तडजोडीला जागा नाही.

तब्येतीच्या बाबतीत या गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर नात्तो, म्हणजे जपानचे आंबवलेले सोयाबीन, वर्ज्य. त्यात जीवनसत्त्व के भरपूर असतं आणि ते औषधाचा परिणाम मारतं. जपानमध्ये डॉक्टर हे औषध देतानाच नात्तो बंद करायला सांगतात.

नैराश्यावरच्या औषधांपैकी मोनोअमाइन ऑक्सिडेज इनहिबिटर गटातलं औषध घेत असाल, तर खूप मुरवलेलं चीज आणि बरेचसे आंबवलेले पदार्थ धोक्याचे आहेत. त्यांत टायरामिन साठलेलं असतं आणि रक्तदाब एकदम वर जाऊ शकतो.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी नाकतोडे, रातकिडे, अळ्या यांच्या वाटेला जाऊ नये. दोन्हीकडे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन असतं आणि शरीर त्यात फरक करत नाही. ‘मी तर कोळंबी टाळतो, किडा कुठे टाळतो’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

गरोदर बायकांनी कच्च्या दुधाचं मऊ चीज टाळावं. लिस्टेरिया या जंतूची भीती असते.

शाकाहारी वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण या वाटेवर फसगत फार होते. नात्तो म्हणजे नुसते सोयाबीन, पण पाकिटात जी सॉसची पुडी येते तिच्यात बहुधा माशाचा अर्क असतो. तैवान-चीनकडच्या उग्र वासाच्या टोफूचं मुरवणाचं पाणी कधी निव्वळ भाज्यांचं असतं, तर कधी त्यात कोळंबीही घातलेली असते. विचारल्याशिवाय कळत नाही. रोकफोरसारखी पारंपरिक युरोपीय चीजं जमवायला जनावराच्या जठरातलं रेनेट वापरतात. ऑस्ट्रेलियातलं व्हेजिमाइट मात्र यीस्टपासून केलेलं असतं, आणि ड्युरियन हे तर फळच आहे.

२. किळस नेमकी कशाची येतेय ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. ‘ई, घाण आहे’ हे वाक्य पाच वेगवेगळ्या तक्रारी एकत्र बांधून येतं. त्या सुट्या केल्या की निम्म्या गळून पडतात.

पहिली तक्रार नावाची. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना आयसोव्हॅलेरिक आणि ब्युटिरिक आम्लांचं एकच मिश्रण दोनदा हुंगायला दिलं. एकदा सांगितलं की हे पार्मेझान चीज आहे, एकदा सांगितलं की ही ओकारी आहे. वास तोच, पण पहिल्या वेळी लोकांना तो बरा वाटला आणि दुसऱ्या वेळी असह्य. दोन्ही पदार्थांत ती आम्लं खरोखरच असतात, त्यामुळे नाकाने काही चूक केली नव्हती; अर्थ लावण्याचं काम नावाने केलं. म्हणून कुणी ‘सडका शार्क’ म्हणून ताट पुढे केलं तर मनात त्याला मुरवलेला मासा म्हणा. आंबवणं आणि सडणं यांत सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने फार मोठी भिंत नाही. कुठले जीव वाढू द्यायचे आणि कुठे थांबायचं हे माणसाने ठरवलं की ते आंबवणं.

दुसरी तक्रार सहवासाची: हा पदार्थ कशाला लागून आला? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी किळसेवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या १९८६च्या प्रयोगात फळांच्या रसात मेलेलं, पण पूर्ण निर्जंतुक केलेलं झुरळ क्षणभर बुडवून काढलं. रस निर्धोक आहे हे समोर दिसत असूनही लोकांना तो नकोसा झाला. कुत्र्याच्या विष्ठेच्या आकारात ओतलेलं चॉकलेट फजसुद्धा लोकांच्या हाताला धजवेना, ते फजच आहे हे माहीत असूनही. म्हणजे ‘मला माहितीय की हे सुरक्षित आहे’ असं स्वतःला कितीही बजावलं तरी ही तक्रार गप्प बसत नाही. तिच्याशी वाद घालू नका. ती बोलत राहील, तुम्ही पुढच्या तक्रारीकडे वळा.

तिसरी वासाची. मुरवलेल्या चीजना जो पायमोज्यांचा वास येतो तो भास नव्हे. लिम्बर्गर चीजवर वाढणाऱ्या ब्रेव्हिबॅक्टेरियमचे जवळचे भाऊबंद माणसाच्या पायावरही राहतात. आफ्रिकेत हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस गॅम्बिये जातीचा डास पायाच्या वासाकडे जसा झेपावतो तसा या चीजकडेही झेपावतो, हे संशोधकांनी तपासून पाहिलंय. तेव्हा तुमचं नाक बरोबर सांगतंय. फक्त ते बाहेरून आलेल्या वासाबद्दल सांगतंय. घास चावताना तोंडाच्या मागून नाकात चढणारा वास निराळा लागतो, आणि ‘चव’ म्हणून आपण जे ओळखतो त्यात त्याचाच वाटा मोठा असतो. ड्युरियन हे याचं ठळक उदाहरण: दारातून गंधकाचा, कुजक्या कांद्याचा वास, तोंडात गेल्यावर बदाम, साय आणि साखर.

चौथी स्पर्शाची. बुळबुळीत, लिबलिबीत, चिकट. चार्ल्स डार्विनने १८७२ साली लिहिलेला एक प्रसंग इथे आठवतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या टिएरा देल फ्युगोमध्ये तो डब्यातलं थंड मांस खात असताना तिथल्या एका रहिवाशाने त्या मांसाला बोट लावून पाहिलं, आणि मांसाच्या मऊपणाची त्याला उघड शिसारी आली. इकडे डार्विनला आपल्या अन्नाला त्याने बोट लावल्याची किळस आली, त्याचे हात मळलेले दिसत नसतानाही. ताट एक, आणि दोघेही आपापल्या जागी ठाम. तुम्ही ज्याला ‘साधं जेवण’ समजता त्यातलं काहीतरी समोरच्याला असंच वाटत असणार.

पाचवी रूपाची: डोळे, पाय, पिसं, काळा रंग. हिच्यावर उपाय सोपा आहे. पहिल्यांदा चिरलेला, कुटलेला किंवा कशात तरी मिसळलेला प्रकार मागा.

आता एक अपवाद. काही नावडी खरोखर शरीरातच असतात. कोथिंबीर काहींना साबणासारखी लागते, आणि त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी आढळलाय. कडू चवीबाबतही माणसामाणसांत जन्मजात फरक असतो. अशा वेळी सवयीचा उपाय फारसा चालत नाही, आणि कुणी ‘नखरे’ म्हणालं तर म्हणू द्या.

३. सुरुवात कुठून करायची

नवखे लोक थेट सगळ्यात कुप्रसिद्ध पदार्थावर उडी मारतात. तसं करू नका. माझ्या मते क्रम असा असावा.

आधी असं काहीतरी, ज्यात एकच तक्रार आहे. भाजलेले, मीठ-लिंबू-लसूण लावलेले नाकतोडे घ्या. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात ते चापुलिनेस नावाने सर्रास खातात. वास नाही, चिकटपणा नाही; फक्त रूप आणि कल्पना. डोळे मिटले की कुरकुरीत आणि आंबट-खारट, बास. गोठवलेला ड्युरियनही चांगला, कारण थंड पदार्थाचा वास कमी उडतो.

मग दोन तक्रारींचे: निळ्या बुरशीचं चीज, तळलेला उग्र टोफू (वास फार, पण आतून साधा), चीनचं पिदान, म्हणजे मुरवलेलं अंडं.

त्यानंतर नात्तो, फिलिपिन्सचं बालुत, म्हणजे आत पिल्लू वाढू लागलेलं उकडलेलं बदकाचं अंडं, आणि कोरियाची आंबवलेली होंगओ मासळी.

शेवटी आइसलँडचा हाउकार्ल, म्हणजे आंबवून सुकवलेला शार्क, आणि स्वीडनचं सुरस्ट्रमिंग, म्हणजे डब्यातली आंबवलेली हेरिंग मासळी.

दोन गोष्टी मी या यादीत मुद्दाम घातलेल्या नाहीत. सार्डिनियाचं कासू मार्झू, ज्यात चीजमाशीच्या जिवंत अळ्या असतात: त्याची विक्री कायद्याने बंद आहे, अळ्या १५ सेंटिमीटरपर्यंत उडी मारतात, आणि जिवंत गिळल्या तर आतड्याला त्रास देऊ शकतात. आणि कोरियातले नुकतेच कापलेले, अजून वळवळणारे ऑक्टोपसचे पाय: त्यांचे चूषक घशाला चिकटून लोक गुदमरून मेलेले आहेत. तिथलेही जाणकार ते खूप वेळ चावल्याशिवाय गिळत नाहीत. नवख्याने या दोन्हींच्या नादी लागू नये.

४. खायची रीत विचारून घ्या

निम्मी फजिती इथेच होते. पदार्थ बदनाम होतो, चूक मात्र प्रमाणाची किंवा जोडीची असते.

व्हेजिमाइट बघा. अनोळखी माणूस ते जामसारखं चमचाभर तोंडात घालतो आणि मिठाच्या माऱ्याने डोळ्यांत पाणी आणतो. तिकडचे लोक भाजलेल्या पावावर भरपूर लोणी लावतात आणि त्यावर व्हेजिमाइटचा नुसता हात फिरवतात, खालचा पाव दिसेल इतका पातळ.

नात्तो जरा तपशिलाने सांगतो, कारण इथे हाताचं काम आहे. डबा उघडलात की वर एक पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. तो ओढताना कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा वर येतात. पापुद्रा सरळ वर न उचलता दुमडत, गोल फिरवत काढा, म्हणजे तारा तुटतात आणि बाहीला लागत नाहीत. मग चॉपस्टिकने जोरात घोळा. सोयाबीनवर पांढरट फेस येईपर्यंत घोळायचं. मग सॉस आणि मोहरीची पुडी. (सॉस आधी की नंतर यावर खाणाऱ्यांमध्ये वाद आहेत, त्यात पडू नका.) वर कांद्याची पात, खाली भात. भात वाफाळता असेल तर वास जास्त उठतो, म्हणून पहिल्यांदा जरा निवू द्या. घास घेतल्यावर चॉपस्टिक तोंडाजवळ हवेत दोनदा गोल फिरवली की लोंबणारी तार तुटते. जपानमध्येही सगळ्यांना हे आवडतं असं नाही; ओसाकाच्या बाजूला नाक मुरडणारे बरेच भेटतात. त्यामुळे आपल्याला नाही आवडलं तर फार अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

पिदान, ज्याला लोक ‘शंभर वर्षांचं अंडं’ म्हणतात, ते चुना, राख, मीठ अशा अल्कलीयुक्त मिश्रणात काही आठवडे ते काही महिने मुरवतात. घोड्याच्या मुतात मुरवतात ही निव्वळ अफवा. पांढऱ्याची तपकिरी, आरपार दिसणारी जेली होते. त्यावर कधीकधी पाइनच्या पानांसारखी नक्षी उमटते आणि ती उमटली तर अंडं चांगलं जमलं समजतात. कापल्याबरोबर अमोनियाचा वास येतो. कापून पाच-दहा मिनिटं उघडं ठेवा, बराचसा उडून जातो. आल्याच्या आंबट कापांबरोबर किंवा मऊ टोफूवर सोया सॉस घालून खा. नुसतं खाऊ नका. विकत घेताना पाकिटावर ‘शिसेमुक्त’ असल्याचं पाहा, कारण जुन्या पद्धतीत शिशाचं ऑक्साइड वापरत असत.

बालुतची रुंद बाजू वर धरा, तिथे हवेचा कप्पा असतो. छोटं भोक पाडा, चिमूटभर मीठ टाका आणि आधी आतला रस पिऊन घ्या. तो रस म्हणजे चांगलं सूपच आहे, आणि बालुत आवडू लागायचं असेल तर ते इथूनच. मग सोलून व्हिनेगर-मिरचीबरोबर. तळाशी पांढरा टणक भाग असतो, तो बरेच लोक टाकून देतात.

होंगओ मासळी उकडलेल्या डुकराच्या मांसाचा काप आणि जुनी किमची यांच्या मध्ये ठेवून एका घासात खातात, सोबत माकगल्ली ही तांदळाची दारू. मासळी एकटी खाल्लीत तर अमोनिया टाळूला अक्षरशः चटका देतो.

हाउकार्ल हा ग्रीनलँड शार्क. ताजा असताना विषारी, म्हणून काही आठवडे आंबवून मग काही महिने टांगून सुकवतात. सुपारीएवढे तुकडे टूथपिकवर येतात. पहिल्या वेळी नाक दाबून खा, असं खुद्द तिथलेच लोक सांगतात.

सुरस्ट्रमिंगचा डबा फुगलेला असतो. आत हेरिंग आंबतच असते, म्हणून तो फुगणं अपेक्षितच आहे. (इतर कुठलाही फुगलेला डबा मात्र सरळ कचऱ्यात.) डबा घरात उघडायचा नाही. अंगणात, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, डबा तिरका धरून वरच्या कोपऱ्यात पहिलं भोक पाडा. वायू तिथे जमलेला असतो, म्हणून पाणी उडत नाही. किंवा बादलीभर पाण्यात बुडवून उघडा. मग मासा धुवा, पोट साफ करा, काटा काढा. लोणी लावलेला पातळ सपाट पाव, त्यावर बटाट्याच्या चकत्या, चिरलेला कांदा, घट्ट आंबट साय आणि माशाचे लहान तुकडे, असं दुमडून खातात. इंटरनेटवर ज्यांना तुम्ही डब्यातून अख्खा मासा तोंडात टाकून ओकताना पाहिलंय, त्यांनी यातलं काहीच केलेलं नसतं.

५. पहिला घास

पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंब भरलेलंही नको. दोन्ही अवस्थांत मळमळ लवकर येते.

ताट आल्यावर लगेच खायला घेऊ नका, तिथेच पाच मिनिटं बसा. नाकाला वासाची सवय होते आणि तीव्रता आपोआप उतरते. मध्येच ‘मोकळी हवा घेऊन येतो’ म्हणून बाहेर गेलात तर परत आल्यावर नाक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. ही चूक फार जण करतात.

घास नखाएवढा घ्या. त्याहून लहान घेतला तर फक्त वास कळतो, चव कळत नाही. तोंडात घालताना श्वास सोडा, ओढू नका. मग चावा. पाण्याबरोबर गोळीसारखा गिळलात तर वाईट भाग सगळा भोगाल आणि चांगला भाग हुकेल. चावताना स्वतःला साधे प्रश्न विचारा: खारट आहे का, आंबट का, मागाहून गोड लागतंय का, कशासारखं आहे? मन वर्णनात गुंतलं की ‘आवडलं-नाही आवडलं’ जरा मागे सरकतं.

मग भाताचा घास, आणि पुन्हा एकदा तोच पदार्थ. पहिल्या घासात सगळी शक्ती धक्का पचवण्यातच जाते, त्यामुळे मत दुसऱ्या घासावरूनच बनवायचं.

६. चेहरा आणि बोलणं

नाक आक्रसणं, वरचा ओठ उचलला जाणं, जीभ बाहेर येणं या हालचाली मुद्दाम केलेल्या नसतात. तान्ही बाळंही कडू चवीला असंच तोंड करतात. पहिलं अर्धं सेकंद तुमच्या हातात नाही आणि समजूतदार यजमान ते मनावरही घेत नाही. त्यानंतरचं मात्र सगळं तुम्ही करता: खोकणं, हात हलवणं, शेजाऱ्याकडे बघून डोळे फिरवणं. तेवढं आवरा. रुमाल टिपण्याच्या निमित्ताने तोंडाशी न्यायला हरकत नाही.

फोन नको तो याचसाठी. कॅमेरा सुरू झाला की माणूस चवीकडे लक्ष देणं सोडून प्रतिक्रिया देऊ लागतो, आणि समोरच्याच्या आजीच्या हातचा पदार्थ तुमच्या विनोदाचा विषय होतो.

काय बोलावं? ‘छान आहे’ असं खोटं सांगितलंत तर दुसरी वाढ येते. ‘वास जोरदार आहे, पण चव वेगळीच निघाली’, ‘हे मला नवीन आहे, जरा सावकाश खातो’, ‘तुम्ही लहानपणी पहिल्यांदा कसं खाल्लंत?’ ही वाक्यं खरी आहेत आणि कुणाला लागत नाहीत. शेवटचा प्रश्न तर विचाराच. बहुतेक वेळा यजमान हसत कबूल करतो की त्यालाही ते आधी आवडत नव्हतं.

अजिबात खायचं नसेल तर एकदाच, स्पष्ट, कारणाची लांबण न लावता नाही म्हणा, आणि लगेच ताटातल्या दुसऱ्या कशाची तरी वाढ मागून घ्या. अर्धं खाऊन उरलेलं भाताखाली लपवणं कुणाच्याही नजरेतून सुटत नाही.

७. उमासा आलाच तर

चावणं थांबवा. तोंड मिटून, नाकाने नव्हे, ओठांच्या फटीतून हळू श्वास सोडा. हनुवटी किंचित खाली. थंड पाण्याचा छोटा घोट तोंडात धरा. दुसरा उमासा आला तर हट्ट सोडा: रुमालात काढून टाका, शांतपणे ‘माफ करा’ म्हणा आणि विषय बदला. घास काढून टाकण्यात लाज नाही. जबरदस्तीने गिळून ओकलात तर मात्र शरीर त्या पदार्थाशी कायमचं वैर धरतं. एकदा ओकारी झालेल्या पदार्थाची शिसारी वर्षानुवर्षं टिकते.

ओठ सुजणं, अंगावर गांधी, घसा आवळल्यासारखा वाटणं किंवा धाप ही लक्षणं किळसेची नाहीत, ॲलर्जीची आहेत. तिथे भीड नको, थेट वैद्यकीय मदत.

८. पुन्हा कधी

लहान मुलांना नवी भाजी आवडायला बऱ्याचदा आठ-दहा वेळा किंवा त्याहून जास्त वेळा थोडी थोडी चाखवावी लागते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. मोठ्यांचंही फार वेगळं नसतं, फक्त मोठी माणसं एकदाच खाऊन मत बनवतात. दुसरी खेप काही दिवसांनी, तिसरी दुसऱ्या कुणाच्या हातची. प्रत्येक वेळी काय खटकलं ते दोन शब्दांत लिहून ठेवा. ‘वास’ हा शब्द हळूहळू गळून ‘खारट जास्त’ येऊ लागला की तुम्ही किळसेतून बाहेर पडून पसंती-नापसंतीत आलात. सहाव्या-सातव्या वेळीही तोच शब्द येत असेल तर सोडून द्या. मी होंगओ सोडून दिली.

९. सापळे

घरी करून बघणं. किळस कमी झाली की उत्साह वाढतो आणि माणूस स्वतः मासे आंबवायला बसतो. अलास्कात मूळ रहिवासी पूर्वी मासे गवत अंथरलेल्या खड्ड्यात आंबवत. तीच कृती प्लॅस्टिकच्या बंद डब्यांत होऊ लागली तसं बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचं प्रमाण वाढलं, कारण तिचा जंतू बिनहवेच्या जागी फोफावतो. मासे-मांसाच्या बाबतीत फक्त जाणत्या माणसाच्या हातचं खा.

‘आंबवलेलंच आहे, खराब काय होणार’ हा समज. आंबवलेला पदार्थही खराब होतो. नेहमीपेक्षा निराळ्या रंगाची बुरशी, कडवटपणा, किंवा खाणाऱ्या सरावलेल्या माणसाने नाक बाजूला करणं, या खुणांवर विश्वास ठेवा. तुमचं नाक इथे कामाचं नाही, त्याचं वापरा.

दारूच्या जोरावर खाणं. हाउकार्लबरोबर ब्रेनिव्हिन या आइसलँडच्या दारूचा घोट ही तिथली रीत आहे, ते ठीक. ड्युरियनबरोबर मात्र दारू नको. त्यातले गंधकयुक्त घटक दारू पचवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतात असं प्रयोगशाळेत दिसलंय.

पैज. पैजेवर खाल्लेल्या पदार्थाची फक्त पैज लक्षात राहते.

१०. उरलेलं घरी नेताना

चाखून झालं, आवडलं, म्हणून पिशवीत घालून निघालात तर आधी नियम बघा. सिंगापूरच्या मेट्रोत ड्युरियन न्यायला बंदी आहे, आणि त्या भागातल्या अनेक हॉटेलांच्या दारावर काट मारलेल्या ड्युरियनचं चित्र असतं. सुरस्ट्रमिंगचे डबे दाबाखाली असतात म्हणून २००६ साली एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेज यांनी ते विमानात न्यायला मनाई केली. भाड्याच्या घरात राहत असाल तर आणखी जपा: जर्मनीत १९८१ साली एका भाडेकरूने जिन्यात या डब्यातलं पाणी सांडलं म्हणून घरमालकाने त्याला तडकाफडकी बाहेर काढलं. प्रकरण कोर्टात गेलं, तिथे पुरावा म्हणून भर कोर्टात एक डबा उघडण्यात आला आणि निकाल घरमालकाच्या बाजूने लागला.

म्हणून डबे, साली, कवचं दोन पिशव्यांत गाठ मारून त्याच दिवशी बाहेर. सुरी आणि पाट आधी थंड पाण्याने धुवा, मग साबणाने. गरम पाणी आधी ओतलंत तर वास स्वयंपाकघरभर उठतो. नात्तोची भांडी मात्र आधी पाण्यात भिजत ठेवा, तारा विरघळल्या की मगच घासा, नाहीतर सगळी चिकट तार घासणीत जाते आणि घासणीच फेकावी लागते.